वनौषधी आणि यकृताचे रक्षण

कावीळ झाली की भुईआवळीचा रस घ्यावा, हा सल्ला महाराष्ट्रात घरोघरी ऐकावयास मिळतो. कोकणात पालेकिराईताचा कडू काढा अनेक घरांच्या परिचयाचा आहे, तर शहरातील औषधांच्या दुकानांत ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्या मांडणीत हारीने उभ्या असतात. वनस्पतींतील काही द्रव्ये यकृताला विषारी रसायनांपासून वाचवितात, अशी समजूत या सर्वांमागे आहे. ही समजूत निराधार नाही. प्रयोगशाळेत तिला पुष्कळ आधार मिळाला आहे. तथापि, प्रयोगशाळेतील उंदीर आणि रुग्णालयातील माणूस यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. ते लक्षात न घेतल्यास रक्षणासाठी घेतलेले औषधच यकृताला अपाय करू शकते.

यकृताला इजा कशी होते?

सुमारे दीड किलो वजनाचे यकृत ही शरीराची मोठी रासायनिक प्रयोगशाळा आहे. आतड्यांतून निघणारे रक्त प्रथम यकृतात येते आणि त्यातील परकीय द्रव्यांचे रूपांतर शरीराबाहेर टाकता येतील अशा पदार्थांत केले जाते. हे काम मुख्यतः सायटोक्रोम पी-४५० या गटातील विकरे करतात. गंमत अशी, की काही वेळा या प्रक्रियेतूनच मूळ द्रव्यापेक्षा अधिक घातक पदार्थ तयार होतो.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. कपड्यांची कोरडी धुलाई आणि अग्निशामक यंत्रे यांसाठी एके काळी सर्रास वापरले जाणारे हे रसायन ओझोनच्या थरालाही घातक असल्याने मॉन्ट्रियल करारान्वये विकसित देशांत १९९६ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१० पर्यंत अशा वापरांतून हद्दपार करण्यात आले. यकृतातील विकर त्याच्या रेणूतील क्लोरिनचा एक अणू वेगळा करते आणि ट्रायक्लोरोमिथिल हे मुक्त मूलक जन्माला येते. एका इलेक्ट्रॉनची जोडी नसलेले हे मूलक पेशीच्या आवरणातील मेदाचा हायड्रोजन हिसकावते. मग तो मेदरेणू शेजारच्या रेणूवर तीच क्रिया करतो आणि साखळी सुरू होते. फार दिवस ठेवलेले तेल वा फराळ ज्या क्रियेने खवट होतो, तीच ही क्रिया. पेशीचे आवरण फाटले की आतील विकरे रक्तात उतरतात. तपासणीच्या अहवालात एसजीपीटी आणि एसजीओटी यांचे आकडे वाढलेले दिसतात ते यामुळेच.

पॅरासिटामॉलची कथाही अशीच आहे. योग्य मात्रेत त्याचा अल्प अंश विषारी पदार्थात रूपांतरित होतो आणि यकृतातील ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांमध्ये घातक पदार्थ बनविणारे विकर वाढलेले असते आणि ग्लुटाथायोन कमी असते. त्यामुळे त्यांना धोका अधिक असतो.

वनस्पतींची ढाल

प्रखर ऊन, कीटक आणि बुरशी यांच्यापासून बचाव करण्यासाठी वनस्पती अनेक संरक्षक द्रव्ये तयार करतात. त्यांतील कित्येक ऑक्सिडीकरणविरोधी, म्हणजेच अँटिऑक्सिडंट असतात. ती आपला हायड्रोजन मुक्त मूलकाला देऊन साखळी तोडतात. काही द्रव्ये पेशीला स्वतःचे ग्लुटाथायोन अधिक बनविण्यास प्रवृत्त करतात आणि हा परिणाम कदाचित अधिक महत्त्वाचा आहे.

या वनस्पतींमध्ये मिल्क थिसलचे स्थान अग्रगण्य आहे. भूमध्य सागराच्या परिसरातील ही काटेरी वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील असून तिच्या पानांवर पांढऱ्या रेषा असतात. तिच्या बियांतील सिलिमॅरिन या द्रव्यसमूहाचा शोध १९६८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी लावला. सिलिबिनिन हा त्यातील प्रमुख घटक होय. भारतात हिमालयातील कुटकीपासून लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ‘पिक्रोलिव्ह’ विकसित केले. पालेकिराईतातील अँड्रोग्राफोलाइड आणि हळदीतील कर्क्युमिन यांनीही प्राण्यांवरील प्रयोगांत यकृताचे रक्षण केल्याचे आढळून आले आहे.

प्रयोगातील मेख

मग अडचण कोठे आहे? अशा बहुतेक प्रयोगांत उंदरांना वनस्पतीचा अर्क आधी काही दिवस दिला जातो आणि विष नंतर दिले जाते. रुग्ण मात्र विषबाधा झाल्यावर डॉक्टरांकडे येतो. शिवाय, विषाला घातक बनविणारे विकरच एखाद्या अर्काने रोखले, तरी यकृत वाचल्याचे दिसते. त्याचे श्रेय ऑक्सिडीकरणविरोधी गुणाला देता येत नाही. उंदरांना दिलेली मात्रा शरीराच्या वजनाच्या मानाने मोठी असते आणि कर्क्युमिनसारखी द्रव्ये माणसाच्या आतड्यांतून फारच कमी शोषली जातात.

माणसांवरील पुरावा

युरोपात ‘डेथ कॅप’ या विषारी अळंबीच्या बाधेवर सिलिबिनिन शिरेतून दिले जाते. अळंबीतील विष ज्या वाटेने यकृतपेशीत शिरते, ती वाट हे द्रव्य अडविते. म्हणजे येथील यशात ऑक्सिडीकरणविरोधी गुणापेक्षा या दाररक्षकाच्या कामाचा वाटा मोठा आहे. अशा विषबाधेत निर्णायक तुलनात्मक चाचणी घेणे मात्र कठीण असते.

यकृताच्या इतर विकारांतील चाचण्यांचे निष्कर्ष निराशाजनक ठरले. सिलिमॅरिनची जुनाट हिपॅटायटिस-सी असलेल्या १५४ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. भुईआवळीबाबत १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या भारतीय अभ्यासात हिपॅटायटिस-बीचे वाहक असलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे प्रथिन नाहीसे झाले होते. त्याने मोठी आशा निर्माण केली. परंतु इतरत्र झालेल्या अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही.

पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर खात्रीचा उतारा आहे, पण तो वनस्पतीजन्य नाही. एन-ॲसिटाइलसिस्टाइन हे औषध ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढते. ते पहिल्या ८ तासांत मिळाल्यास यकृत बहुधा वाचते. हे तास घरगुती काढ्यांत दवडणे जिवावर बेतू शकते.

उपायच अपाय ठरतो तेव्हा

ग्रीन टीच्या अर्कातील कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेतील अभ्यासकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील एक रुग्ण दगावला. शोषण वाढावे म्हणून अशा गोळ्यांत मिऱ्यातील पायपरिन अनेकदा घातलेले असते. आमटीतील चिमूटभर हळद आणि या गोळ्या यांची तुलना होऊ शकत नाही.

कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांना यकृतदाह झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीशी गल्लत झाली असावी, असे म्हटले. पुढील वर्षी देशातील १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. यकृताच्या स्वप्रतिकारजन्य विकाराकडे कल असलेल्या व्यक्तींना हा धोका अधिक असावा, असे त्यावरून दिसते.

काय लक्षात ठेवावे?

भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेत क्षयरोगावरील औषधांचा वाटा मोठा आहे. ही औषधे घेताना अन्नावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली किंवा लघवी गडद पिवळी झाली, तर त्यावर ‘लिव्हर टॉनिक’ घेऊन थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्रौढांनी पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही ते असते, हे ध्यानी ठेवावे. घेत असलेला काढा, चूर्ण वा अर्क डॉक्टरांपासून लपवू नये.

वनस्पतींतील द्रव्यांची ताकद खरी आहे, म्हणूनच ती औषधाइतक्याच काळजीने वापरावयास हवीत. ज्या द्रव्यात यकृतावर परिणाम घडविण्याची शक्ती आहे, त्याचा परिणाम नेहमी हितकारकच होईल, असे गृहीत धरता येत नाही.