गृहपाठाचे ओझे : एक दृष्टिक्षेप

गृहपाठ अपुरा राहिला म्हणून हातावर छडी सोसलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे. ही रीत बदलण्यास बराच काळ लागला. १९८९ मध्ये साहित्यिक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत बालकांच्या दप्तराच्या ओझ्याकडे लक्ष वेधले. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने, प्राथमिक वर्गांना घरच्या परिसराच्या निरीक्षणापलीकडे गृहपाठ नसावा, अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ वर्ज्य मानला. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्यास कमाल २ तासांची मर्यादा सुचविली.

तथापि वही उशिरा आली, तर आधी कारण मायेने विचारावे, हे कायदा शिकवीत नाही. तो संस्कार आपण पालक-शिक्षकांनीच जोपासावयाचा आहे.