लांबीचा हिशेब

एम.ए.च्या वर्गात कादंबरी आणि चित्रपट यांचा तौलनिक विचार सुरू झाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, जे दोन तासांत सांगता येते त्याला चार तास कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे. दोन-अडीच तास ही चित्रपटाची जणू निसर्गदत्त लांबी आहे, असे आपण मानून चालतो. इतिहास काही वेगळेच सांगतो.

आपल्या रंगभूमीपासूनच आरंभ करू. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, ते पहिल्या चार अंकांनिशी. सातही अंकांचे संपूर्ण नाटक नंतर झाले. पुढे संगीत नाटकाचा प्रयोग रात्र-रात्र चाले आणि 'वन्स मोअर' घेत पहाटेपर्यंत लांबे. त्या प्रेक्षकाला ही लांबी खटकली नाही, कारण तो कथा जाणून घ्यायला आलेला नव्हता. गायन ऐकायला आलेला होता. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणले, तेव्हा पदांची संख्या घटली आणि प्रयोग आटोपशीर झाला. प्रेक्षकाची अपेक्षा बदलली, तशी लांबीही बदलली.

चित्रपटात हा निर्णय अनेकदा कलेबाहेरच्या कारणांनी झाला. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला आणि १९४३ मध्ये सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने सरकते. म्हणजे ही मर्यादा झाली सुमारे दोन तास दोन मिनिटांची. ती कोण्या रसशास्त्रज्ञाने ठरवली नव्हती, रसायनांच्या आणि जहाजांच्या टंचाईने ठरवली होती. दिवसाला किती खेळ बसवायचे हा चित्रगृहाच्या मालकाचा हिशेबही याच जातीचा.

या हिशेबाचा सर्वांत करुण बळी म्हणजे एरिक फॉन स्ट्रोहाइमचा 'ग्रीड' (१९२४). फ्रँक नॉरिसची 'मॅकटीग' ही कादंबरी पडद्यावर समग्र आणण्याचा त्याचा ध्यास होता. त्याची पहिली जुळणी चाळीसहून अधिक रिळांची होती. प्रदर्शित झाली ती दहा रिळे. उरलेला भाग नष्ट झाला. आज उपलब्ध असलेल्या चित्रपटात कथानक बहुतांशी शाबूत आहे, तरीही काहीतरी हरवल्याची जाणीव होते. माणूस लोभाने किंचित-किंचित कसा कुजत जातो, हा त्या कादंबरीचा गाभा. घटना कापूनही कथा उरते. पण कुजण्याला लागणारा अवधी कापला की कुजणे केवळ बातमी होऊन उरते.

मला वाटते, निकष इथेच सापडतो. काळ हाच जिथे आशय आहे, तिथे लांबी समर्थनीय ठरते. बेला तारच्या 'सातानतांगो'चे (१९९४) उदाहरण पाहा. लास्लो क्रास्नाहोरकाई या २०२५ च्या नोबेलविजेत्या लेखकाच्या १९८५ च्या कादंबरीवरचा हा कृष्णधवल चित्रपट सात तासांहून मोठा आहे. मोडकळीस आलेली सामूहिक शेतवस्ती, संपता न संपणारा पाऊस, त्यात चालत राहणारी माणसे. तीच घटना वेगवेगळ्या पात्रांच्या बाजूने पुन्हा दिसते. सारांश चार वाक्यांत होईल. परंतु खोट्या आशेची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या सारांशात येणार नाही.

योगायोग असा की १९८५ सालीच महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आले आणि १९९४ मध्येच चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'तर्फे 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटके त्रिनाट्यधारा म्हणून सलग सादर केली. प्रयोग आठ-नऊ तासांचा. यातले प्रत्येक नाटक स्वतंत्रपणे उभे राहू शकते. मग सलग का? कारण देशपांड्यांच्या वाड्याची पडझड ही एका प्रसंगाची गोष्ट नाही. पहिल्या नाटकातली अंध दादी सतत वेळ विचारत राहते. 'युगान्त'पर्यंत पोहोचलेल्या प्रेक्षकाला तो प्रश्न स्वतःच्या थकलेल्या शरीरात जाणवू लागतो. त्याची अर्धी-अधिक सुटी त्या घराच्या सोबतीने सरलेली असते.

अर्थात प्रत्येक लांबलचक कृतीला हे समर्थन देता येणार नाही. राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' (१९७०) चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा होता. त्याचा पहिला भाग किशोरवयाच्या मनाला हळुवार वेळ देतो. तिसऱ्या भागापर्यंत तोच करुण सूर निराळ्या नायिकेसह पुन्हा आळवला जातो. तिथे काळ पुढे सरकतो, अनुभव मात्र सरकत नाही. ही वाढ नव्हे, बेरीज आहे. अलीकडच्या अनेक अजस्र चित्रपटांचेही दुखणे हेच असावे.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी आता प्रतिप्रश्न करतो: यातला एक तास काढून टाकला, तर गोष्ट कमी होईल की त्या माणसांविषयीची आपली समजूत? गोष्टही कमी होत नसेल आणि समजूतही, तर कात्री खुशाल चालवावी. समजूत कमी होणार असेल, तर मात्र घड्याळ खिशात ठेवून बसून राहावे. मोठी कादंबरी वाचताना आपण हेच करत आलो आहोत.