रक्ताची पिशवी नेताना कोणती काळजी घ्याल?

डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितले की रक्तपेढीतून पिशवी आणण्याचे काम बहुतेकदा नातेवाइकांवर येते. रुग्ण छोट्या रुग्णालयात असो किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी, मधल्या वाटेत ते रक्त तुमच्या हाती असते.

निघण्यापूर्वी पिशवीत नेमके काय आहे ते विचारा. सगळ्यालाच बर्फ लागतो, हा समज चुकीचा आहे. तांबड्या पेशी रक्तपेढीत २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि वाटेत तापमान १० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते. त्यासाठी आइस पॅक घातलेला, झाकण घट्ट बसणारा डबा हवा. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांनाच ठेवतात. बर्फात ठेवलेल्या प्लेटलेट शरीरात फार काळ टिकत नाहीत. म्हणून दोन्ही एकाच डब्यात आणू नका.

तांबड्या पेशींची पिशवी बर्फाला थेट टेकू देऊ नका. मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा ठेवा. रक्त गोठले की पेशी फुटतात आणि असे रक्त चढवल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. उलट, मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या पिशवीत जंतू वाढण्याचा धोका असतो. पिशवी बाहेरून चांगली दिसते, यावर विसंबू नका.

पिशवी ताब्यात घेताना लेबलवरील रुग्णाचे नाव, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत क्रॉसमॅचच्या कागदाशी ताडून पाहा. याला दोन मिनिटे लागतात. चुकीचे रक्त जिवावर बेतू शकते.

निघताना फोन करून शिरेत सुई लावली आहे का, डॉक्टर पोहोचले का, हे विचारा. थंड डब्यातून काढल्यावर तांबड्या पेशी ३० मिनिटांत चढवायला सुरुवात व्हावी आणि ४ तासांत पिशवी संपावी. उशीर होणार असेल तर रक्तपेढीला कळवा. घरच्या फ्रिजमध्ये ती ठेवू नका. तिथले तापमान दार उघडताच बदलते आणि बर्फाच्या कप्प्याजवळ रक्त गोठू शकते. ‘थंड रक्त कसं द्यायचं’ म्हणून गरम पाण्यात बुडवणे तर अजिबात नको.

पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्या किंवा पूर्वी त्रास झालेल्या रुग्णाने ते रुग्णालयातच घ्यावे, असे माझे मत आहे. घरी देताना डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका शेवटपर्यंत थांबायला हवी. पहिली १५ मिनिटे सर्वांत महत्त्वाची. थंडी वाजणे, ताप, धाप, कंबरदुखी, अंगावर पित्त उठणे किंवा लाल लघवी यांपैकी काहीही दिसले तर रक्त लगेच थांबवायला सांगा. उरलेली पिशवी आणि नळी फेकू नका. तपासणीसाठी त्या रक्तपेढीत परत द्याव्या लागतात.