खुब्याला किती मार्क?

मंडळी, दुःख मोजता येतं का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज तो आपण जरा खाली, खुब्यापाशी आणू. वाकडसारख्या ठिकाणी, जिथे सकाळी पळणारे तिशीतले संगणकवाले आणि वारी करणारे सत्तरीतले शेतकरी शेजारीशेजारी राहतात, तो अगदी घरचा आहे.

१९६९ साली बॉस्टनच्या डॉ. विल्यम हॅरिस यांनी शंभर मार्कांचा तक्ता छापला. वेदनेला ४४, रोजच्या हालचालींना ४७, सांधा किती वळतो याला ५, व्यंग नसण्याला ४. मार्क देणार कोण? डॉक्टर. म्हणजे शिवणाऱ्यानेच शर्ट कसा बसलाय ते सांगायचं! पुढे १९९६ साली अमेरिकेत पाहिलं गेलं तेव्हा दिसलं, की दुखत नसेल तर रुग्ण आणि डॉक्टर यांचं एकमत होतं. दुखणं वाढलं की दोघांच्या मतांत अंतर पडतं. जिथे साक्ष सर्वांत महत्त्वाची, नेमकी तिथेच.

म्हणून प्रश्नावली रुग्णाच्या हातात गेली. १९८८मध्ये कॅनडातली २४ प्रश्नांची वोमॅक, १९९६मध्ये ऑक्सफर्डची १२ प्रश्नांची. वोमॅक एकदा आम्हीही भरली. 'बाथटबमध्ये उतरताना किती त्रास होतो?' आमच्या घरी बादली आणि तांब्या. आम्ही 'काही नाही' वर खूण केली, आणि फुकटचे मार्क मिळवले.

दुसरी अडचण छताची. हॅरिसच्या तक्त्यात चालण्याला ११ मार्क. 'अमर्याद' चालतो म्हटलं की पूर्ण. मग भूमकर चौकापर्यंत बिनतक्रार जाणारा आणि आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा, दोघेही अकरावर. धावपटूचा खुबा दुखला तरी त्याचे एकूण मार्क नव्वदीच्या घरात, आणि तो मात्र मैदानाबाहेर. या सक्रिय लोकांसाठी स्वीडनची हूस आली २००३मध्ये, कोपनहेगनची हॅगोस २०११मध्ये, आणि २०१२मध्ये ३३ प्रश्नांची आयहॉट. आपल्याकडे याला वेगळं वजन आहे. आपल्या देशात खुबा बदलण्याचं एक मोठं कारण म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरणं, आणि ते बरेचदा ऐन उमेदीत होतं.

आता गंमत बघा. हूसमध्ये उकिडवं बसणं कुठे आहे? 'खेळ आणि करमणूक' या सदरात! आपल्याकडे ते सकाळच्या विधीचं, खुरपणीचं, चुलीपुढचं बसणं. मांडी घालून पंगतीला बसणं तर या यादीत नाहीच. शब्द मराठीत आणले म्हणून प्रश्न मराठी होत नाही.

शिवाय खुबा बदलल्यावर सांधा निखळू नये म्हणून बहुतेकांना सांगितलं जातं, उकिडवं बसू नका. रुग्ण आज्ञाधारक, सहा महिन्यांनी तो लिहितो, 'बसता येत नाही'. आता आम्हाला सांगा, हे मार्क खुब्याचे कापले, की सल्ल्याचे?