फक्त 6 जागा, आणि थेट गृहमंत्रीपद

डिसेंबर 1929 मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याच्या विधानसभेत, म्हणजे लांडटागमध्ये, नाझींना 53 पैकी फक्त 6 जागा मिळाल्या. पण बहुमतासाठी उजव्या पक्षांना तेच हवे होते. जानेवारी 1930 मध्ये विल्हेल्म फ्रिक मंत्री झाला. गृह आणि शिक्षण, म्हणजे पोलीस आणि शाळा, दोन्ही त्याच्याकडे!

आज तिथे मतदाराला दोन मतं असतात: एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. दुसऱ्या मतावर पक्षांच्या जागा ठरतात. 5 टक्क्यांखाली राहिलात, तर यादीतून जागा नाही. पण नाझींना तेव्हा 11 टक्के मतं होती! ही अट त्यांना अडवू शकली नसती. सत्ता त्यांना मिळाली ती हातमिळवणीतून. म्हणून मी निकालानंतर आधी बघतो, कोण कोणासोबत बसतंय.