बिनपुस्तकाची मशीन

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. मुलीच्या अभ्यासाबद्दल विचारायला आली असेल, असं मला वाटलं. पण तिने मोबाइल पुढे केला. त्यात एका काळ्या शिलाई मशीनचा फोटो होता. "टीचर, इसपे क्या लिखेला है, जरा पढके बताव ना." नवऱ्याचं काम बंद पडलेलं होतं. जुन्या बाजारातून दोन हजारांत हात मशीन घेतली होती. परकर आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायचे ठरलं होतं, पण दर चार टाक्यांना दोरा तुटत होता. दुरुस्तीवाल्याने "हे आता म्युझियममध्ये ठेवा" म्हणून हात झटकले होते. मशीनबरोबर पुस्तक नव्हतं. विकणाऱ्याकडेही नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. मला शिवणातलं फारसं कळत नाही. पण इतिहास शिकवताना मी मुलांना सांगते की जुनी वस्तू हाही एक दस्तऐवज असतो, तो वाचता आला पाहिजे. आता तेच स्वतः करून दाखवायची वेळ आली होती.

मशीनच्या पाटावर उजव्या बाजूला, धुळीखाली, एक नंबर ठोकलेला होता. तो इंग्रजी 'वाय' अक्षराने सुरू होत होता. सिंगर कंपनीने 1900 पासून नंबराआधी अक्षरं द्यायला सुरुवात केली. जुन्या मशीन जपणाऱ्या हौशी लोकांनी या नंबरांच्या याद्या तयार करून ठेवल्या आहेत. त्यात पाहिलं तेव्हा कळलं की 'वाय' मालिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची आहे, 1920 आणि 30 च्या दशकांतली. म्हणजे माझ्यासमोरची मशीन माझ्या नानीच्या वयाची होती.

क्लाइडबँकचा तो कारखाना 1885 मध्ये उभा राहिला. 1913 मध्ये तिथून सुमारे 13 लाख मशीन बाहेर पडल्या. 1980 मध्ये तो बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजूनही 'सिंगर' आहे. कारखान्यात राबणाऱ्या हजारो हातांची नावं कुठे राहिली नाहीत, पण त्यांनी ठोकलेला नंबर आमच्या गल्लीपर्यंत आला.

भारतात ही मशीन 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचली. त्या शतकाच्या अखेरीस कंपनीचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल नावाच्या एका पारशी गृहस्थांकडे होता. त्यांची अडचण मोठी होती. साडी, धोतर आणि लुंगी नेसणाऱ्या देशात शिलाईची मशीन विकायची कोणाला? गिऱ्हाईक पहिल्यांदा मिळालं ते दर्जी आणि शिंपी लोकांमध्ये. रोख पैसे नसणाऱ्याला हप्त्याने मशीन मिळे. ही हप्त्यांची युक्ती सिंगरने अमेरिकेत 1850 च्या दशकातच काढली होती. पुढे झंपर, सलवार, परकर, गणवेश घराघरांत आले आणि त्यांच्या मागोमाग मशीनही घरात आली. आमच्याकडे ती जहेजमध्ये द्यायची रीत पडली. लेकीवर कधी वाईट वेळ आली तर तिच्या हातात काहीतरी असावं, हा त्यामागचा न बोललेला विचार.

गांधीजी यंत्रांचे टीकाकार, पण 1924 मध्ये एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद ठरवलं. बायकोला शिवताना होणारा त्रास पाहून सिंगरने प्रेमापोटी ही मशीन बनवली, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. गोष्ट सुंदर आहे, पण इतिहास वेगळा आहे. आयझॅक सिंगर 1850 मध्ये बोस्टनच्या एका कारागिराच्या दुकानात होता. तिथे दुरुस्तीला येणारी दुसऱ्याच कुणाची तरी मशीन त्याने पाहिली आणि तिच्यात सुधारणा केली. 1851 मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी 1846 मध्ये एलियस हाऊने पेटंट मिळवलेलं होतं, म्हणून सिंगरला हाऊला पैसे मोजावे लागले. थोडक्यात, ज्या मशीनची दुरुस्ती आम्ही करत होतो तिचा जन्मच मुळी दुरुस्तीतून झाला होता.

आता पुस्तकाकडे येते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने शिलाई मशीनचं जुनं छापील साहित्य सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. हौशी लोकांनीही जुन्या पुस्तिका जपून ठेवल्या आहेत. आमच्या मशीनच्या तळाशी गोल बॉबिन नव्हती. बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल होतं आणि त्यात बारीक, लांब बॉबिन. त्या आकारावरून प्रकार ओळखला आणि चित्रांची पुस्तिका सापडली. त्यातून एक साधी गोष्ट कळली. सुईच्या एका बाजूला वरून खालपर्यंत लांब खाच असते. दोरा त्या बाजूने ओवायचा. दांड्याची चपटी बाजू शटलकडे ठेवायची. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा त्या बाजूला दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो, शटलचं टोक त्यात शिरतं आणि टाका बसतो. सुई उलटी बसवली तर फास भलत्याच बाजूला होतो. मग टाका चुकतो, दोरा अडकतो आणि तुटतो.

तिची सुई उलटी होती. एवढंच.

सुई फिरवली, मशीनला तेल दिलं, जुन्या चिंधीवर टाका घातला. सरळ, एकसारखी ओळ आली. ती काही बोलली नाही. चिंधी उलटी करून तिने मागचा टाका पाहिला. पुन्हा एक ओळ मारली, पुन्हा उलटून पाहिलं. मग म्हणाली, "मैं समझी थी मेरे हाथ में ही खोट है."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. वस्तू दुसऱ्या हातात जाते तेव्हा पुस्तक मागे राहतं, आणि दोष मात्र नव्या हाताच्या माथी येतो. माझ्या नानीला अलिफ-बेही येत नव्हतं, तरी तिची मशीन कधी अडली नाही. तिला तिच्या खालाने शिकवलं होतं. पुस्तकाची जागा माणसाने भरून काढली होती. दर्जी लोकांतही तसंच होतं. ते आपलं हुनर हजरत इद्रिस अलैहिस्सलाम यांच्यापर्यंत नेतात, शिंपी समाज संत नामदेवांचं नाव घेतो. मुस्लिम कारागिरांमध्ये 'कसबनामा' नावाच्या लहान पुस्तिका चालत. आपला धंदा कोणत्या नबीपासून आला, अवजार हातात घेताना काय म्हणावं, उस्तादाचा अदब कसा राखावा, हे त्यात असे. कंपनीची पुस्तिका सुई कुठे लावायची ते सांगते. कसबनामा सांगतो की या सुईला हात लावणारा माणूस कमी प्रतीचा नाही. त्या बाईला दोन्ही पुस्तकं हवी होती, आणि तिच्याकडे दोन्ही नव्हती.

आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक वस्तू दुसऱ्या हातानेच येतात. मिक्सर, इस्त्री, कूलर, मशीन. पुस्तक जगात कुठेतरी असतं, पण इंग्रजीत. नंबर कुठे पाहायचा हे माहीत नसेल तर ते असून नसल्यासारखं. म्हणून आम्ही एक काम केलं. तिच्या मुलीने माझ्यासमोर बसून एक पान लिहिलं, अर्धं उर्दूत आणि अर्धं मराठीत. मशीनचा नंबर, सुई कशी लावायची, दोरा कोणत्या बाजूने ओवायचा, तेल कुठे द्यायचं. सुईचं चित्रही काढलं. सगळ्यात वर तिने आपणहून बिस्मिल्लाह लिहिलं.

ते पान मशीनच्या लाकडी झाकणाच्या आतून चिकटवलं आहे. मशीन उद्या विकली गेली, तर पानही तिच्याबरोबर जाईल.