जामीनदार

आम्ही पवईचे. हे सांगितलं की समोरचा अदबीनं विचारतो, "हिरानंदानी?" मग कबूल करावं लागतं, की आमची इमारत आयआयटीच्या मार्केट गेटसमोरच्या गर्दीत आहे. आयआयटीशी आमचा संबंध एवढाच, की तिथली हुशार पोरं आणि मी एकाच टपरीवर चहा पितो. चहानं बुद्धी वाढत नाही, याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

तर आयआयटीतल्याच अशा पोरांनी, म्हणजे राकेश देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी, फोनसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम काढली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनातला हेडक्लार्क. काउंटरवर कोणीही बसो, कागद हलतो तो त्याच्या मर्जीनं. पाया अँड्रॉइडचाच, पण या हेडक्लार्कला मराठीसकट डझनभर भाषा येत. आधी नाव फर्स्टटच, मग इंडस. २०१५ साली तो मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांतून बाजारात आला. इंग्रजी मजकुरावर बोट सरकवलं, की भाषांतर हजर!

मी तो आईसाठी आणला, तो भाषाप्रेमानं नव्हे. स्वस्त होता म्हणून. आई चौथी शिकलेली. पूर्वी मावशीला पोस्टकार्ड लिहायची, ते कडेकडेनं फिरवत सबंध आळीची खबर त्यात बसवायची. घरात फोन आला आणि तिचं लिहिणं सुटलं. इंग्रजी मोबाइलवर तर ती फक्त हिरवं बटण दाबायची. साठी उलटल्यावर तिला पुन्हा लिहिता आलं. पहिला मेसेज बँकेत, ऐन कॅश जुळत नसताना आला: "येताना कोथिंबीर आण. जुडी बघून घे." ऱ्हस्व-दीर्घ माझ्याहून बरं!

२०१६ साली काउंटरपॉइंट या बाजार मोजणाऱ्या संस्थेनं जाहीर केलं, की देशात अँड्रॉइडखालोखाल इंडसच, ॲपल त्याच्यामागे. ही बातमी मी टपरीवर अशी सांगितली, जणू सिस्टिम मीच पास केली होती.

पण बँकेत एक गोष्ट लवकर कळते: एकाच जामीनदारावर फार विसंबू नये. इंडसचा मोठा जामीनदार मायक्रोमॅक्स. त्याच सुमारास शाओमी, ओप्पो, विवो ही चिनी मंडळी दुकानं भरून बसली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओचं फोर-जी आलं, लोकांनी फोन बदलले. मायक्रोमॅक्स मागे पडला. गूगलनंही आपल्या अँड्रॉइडला देशी भाषा शिकवल्या. मग इंडसनं हेडक्लार्की सोडून ॲप्सचं दुकान सांभाळलं. पुढे ती कंपनी फोनपेनं घेतली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत 'इंडस ॲपस्टोअर' उघडलं. माणूस गेला, पाटी राहिली.

आईचा फोनही गेला. माझ्याच हातून बादलीत पडला. नव्या फोनात मराठी आहे. पण तिला आता बोलून निरोप धाडायची सवय लागली. "लिहायचं कशाला? बोललं की जातं." बोललेलं जातंच, लिहिलेलं राहतं, हे बँकेतल्या माणसाला कोणी सांगायला नको.

मी तीन फोन बदलले. प्रत्येक वेळी तो कोथिंबिरीचा मेसेज आठवणीनं नव्यात उतरवून घेतला. आईला ठाऊक नाही. कळलं तर एवढंच विचारेल, "जुडी बघून आणली होतीस ना?"

नव्हती आणली.